छर्रा, नळी आणि लॉट नंबर : आमची वाटचाल

दुकानाच्या पाटीवर आजही ‘गन रिपेअरिंग वर्क्स’ असंच लिहिलेलं आहे. आत येणाऱ्या बहुतेकांच्या हातात आता एअर रायफलची लांब पेटी असते. पाटी बदलून टाका, असं मुलगा सारखा म्हणतो. मी बदलत नाही. वडिलांनी भुसावळात दुकान टाकलं तेव्हाची ती पाटी आहे, आणि हा धंदा कुठून आला हे गिऱ्हाइकाला दिसलेलं बरं.

वडिलांचा काळ शिकारीचा. यावल-रावेरच्या वर सातपुड्यात जाणारी मंडळी पावसाळा ओसरला की बंदुका साफसफाईला आणायची. बहुतेकांकडे बारा बोअरची दुनळी, आणि ऐपत मोठी असेल तर इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 रायफल. बारा बोअरची पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं टरफल, तेव्हा पुन्हा भरून वापरायची रीत होती आणि वडिलांचा त्यात हात बसलेला होता. रायफलीचं काडतूस भरणं ही मात्र वेगळी विद्या. परदेशातला शिकारी आपल्या एका रायफलीसाठी काडतूस घरी भरतो. केसी एकाच बनावटीच्या, लांबी सारखी कापलेली, दारू ग्रेनच्या (वजनाचं बारीक माप) दहाव्या हिश्शापर्यंत तोललेली, गोळी केसमध्ये किती खोल बसवायची ते त्या नळीप्रमाणे ठरवलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर ग्रुप मारून बघायचा, म्हणजे ओळीने काही गोळ्या मारून भोकं किती जवळ पडतात ते. आपल्याकडे ती मोकळीक कुठली! पेटीतून निघेल ते काडतूस. म्हणून वडील लॉट नंबर बघायचे, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाचा नंबर. एका साहेबांची .315 एका लॉटवर अशी बसली होती की त्या लॉटची उरलेली काडतुसं त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली असायची. दुसऱ्या कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी वडील त्यातलं एकही काढून देत नसत.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. झालं ते योग्यच झालं, पण दुकानाच्या बाजूने बघाल तर गिऱ्हाईकच संपलं. पीक राखायच्या बंदुका, बँकेच्या वॉचमनच्या बंदुका, निवडणूक आली की जमा करायला येणाऱ्या बंदुकांच्या पावत्या. स्प्रिंगा बदलल्या, कुंदे जोडले, पोट भरलं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट 2008 मध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं आणि आमच्याकडे वेगळीच माणसं यायला लागली. त्यातले पहिले चोपड्याचे सर. शाळेत पीटी शिकवायचे. शाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी रेंज बांधली होती आणि एक जुनी जर्मन रायफल कुठून तरी मिळवली होती. त्यांची एक मुलगी चांगली मारायची, पण मध्येच एखादा शॉट दहाऐवजी नऊला जायचा. सर तिला रागवायचे, ती रडायची. नळी खराब आहे का बघा, म्हणून सर रायफल घेऊन आले.

तेव्हा दुकानात अप्पा होते. अप्पा वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. तिथे लहान हत्यारांची काडतुसं बनतात आणि अप्पांचं उभं आयुष्य गेजरूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, गेलं होतं. घरी करमेना म्हणून आमच्याकडे यायला लागले आणि बघता बघता भागीदार झाले. त्यांनी नळीत बोअर लाइट टाकून पाहिलं आणि म्हणाले, “नळी चांगली आहे भो. काडतुसाचा लॉट पास करताना माणसाच्या हातात कोणी रायफल देत नाही. नळी पक्की बांधतात, मारतात आणि कागद मोजतात. आपणही बांधू.”

मग आम्ही शिकंजा केला. एका भंगार लेथचं बेड घेतलं, त्यावर दोन जबडे, आतून ॲल्युमिनियम आणि फेल्ट. नळीला नाही, ॲक्शनला, म्हणजे नळीमागच्या यंत्राच्या भागाला धरायचं, म्हणजे नळी मोकळी राहते. हे सगळं बोल्टने सिमेंटच्या खांबावर आवळलं आणि तो खांब फरशीपासून वेगळा ठेवला, भोवती वाळू भरून. भुसावळात राहणाऱ्याला कारण सांगायला नको. रेल्वेच्या यार्डात मालगाडी हलली की फरशीला कळतं. तरीसुद्धा जड गाडी जात असली की अप्पा हात वर करायचे आणि आम्ही थांबायचो. मी आजही थांबतो.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्‍याची कड त्या ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंत चालतं, आणि पुढे दशांशात गुण मोजायचे तर दर पाव मिलिमीटरला एक दशांश, 10.0 पासून 10.9 पर्यंत. 2013 पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश धरतात. साठ शॉटचे जास्तीत जास्त 654. आता रायफल आणि छर्रा मिळून बांधलेल्या अवस्थेतच चार मिलिमीटर पसरवत असतील, तर पोरीने कितीही श्वास धरला तरी काय उपयोग?

सरांच्या रायफलीत आम्ही छर्‍यांचे वेगवेगळे डबे मारून पाहिले. छर्‍याच्या डोक्याचं माप मिलिमीटरमध्ये 4.49, 4.50, 4.51. लॉट बदलला की आधीच्या शिशाचा थर नळीतून जाईपर्यंत काही शॉट सोडून द्यायचे, मग ग्रुप मारायचा. व्हर्निअरने बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून साडेचार वजा करायचे. ती मुलगी ज्या डब्यातून मारत होती तो पसरला. त्याच कंपनीचा, त्याच 4.50 मापाचा दुसरा डबा मारला तर एकच भोक पडलं. फरक फक्त लॉट नंबरचा. सर कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग मी त्या पोरीला उगाच बोलत होतो.” त्यांनी त्या लॉटचे मिळतील तेवढे डबे उचलले. तेव्हापासून त्यांच्या शाळेचा एक छर्रासुद्धा दुसरीकडून गेलेला नाही. सर आता निवृत्त आहेत, पण नव्या पोराला रायफल घ्यायची असली तर आधी त्याला आमच्याकडे पाठवतात.

धंदा तिथून वाढला. जळगाव, धुळे, नंदुरबार, पुढे मालेगावकडूनही रायफली यायला लागल्या. आम्ही डब्यासोबत कागद द्यायचो, त्या रायफलीच्या नंबरासकट, भोकं दिसतील असा. कागद हेच आमचं बिल होतं, असं अप्पा म्हणायचे.

आता धंद्यातल्या एका गृहस्थांबद्दल. नाव घेणार नाही, धंद्यातल्यांना कळेल. मोठ्या शहरातलं दुकान, मोठी शोकेस. एकदा स्वतः रायफल घेऊन आले, गिऱ्हाईक म्हणून. अप्पांनी चहा पाजला, शिकंजा दाखवला, खांबाभोवती वाळू का भरली तेही सांगितलं. त्यांनी फोटो काढले. मी अप्पांना आतून खूण करत होतो, पण अप्पा शिकवायला बसले की थांबत नसत. पुढच्या सीझनला त्यांच्या डब्यांवर लाल स्टिकर आलं, ‘टेस्टेड’. आमच्यापेक्षा स्वस्त. आमच्या भागातल्या नेमबाजीच्या अकादम्या एकेक करून तिकडे वळल्या. मी एका संचालकांना विचारलं, साहेब, टेस्टेड म्हणजे कुठल्या रायफलीत टेस्टेड? ते म्हणाले, एवढ्या खोलात कोण जातं?

राग आहे तो इथेच. त्यांनी शिकंजा उचलला असता तर मला वाईट वाटलं नसतं. विद्या आहे, जो शिकेल त्याची. पण छर्‍याचा डबा एका नळीत चांगला मारतो म्हणजे दुसरीत मारेलच असं नाही. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर मला कसा चालेल? स्टिकरवर रायफलीचा नंबर नाही, ग्रुपचा आकडा नाही. तो टेस्ट नव्हेच, सजावट आहे.

त्याच सुमाराला आम्ही एका आयातदाराला एका लॉटसाठी आगाऊ रक्कम दिली होती. लॉट नमुना म्हणून आम्हीच मारून पाहिलेला होता. माल आला तो दुसऱ्याच लॉटचा. विचारलं तर उत्तर आलं, कंपनी तीच आहे ना? अप्पांनी तो डबा काही न बोलता टेबलावर ठेवला आणि घरी गेले. वर रायफलींचे सिलिंडर हवेने भरायच्या कॉम्प्रेसरचं कर्ज होतं. आणि मग मार्च 2020. रेंज बंद, शाळा बंद, स्पर्धा बंद. हप्ता मात्र चालू.

दुकान विकायचा विचार झाला, हे लपवत नाही. दोन गोष्टींनी वाचलो. एक, फवारणी पंप. शेतीची कामं चालूच होती, आणि रावेरकडच्या केळीवाल्यांचे पंप दुरुस्त करायला दुसरं कोणी दुकान उघडं ठेवत नव्हतं. ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, पंपात काय अन् रायफलीत काय, ओ-रिंग ती ओ-रिंग. दुसरी गोष्ट म्हणजे सर. त्यांनी पालकांना फोन केले की पोरं घरी आहेत, रायफली धूळ खातायत, एवढ्यात सर्व्हिसिंग करून घ्या, आणि पैसे आधी द्या. परवानगी निघाल्यावर एका टेम्पोत रायफली भरून आल्या. सरांनी याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही, म्हणून मी इथे करतो.

अप्पा आता येत नाहीत, गुडघे धरलेत. मुलाने शिकंज्याजवळ कॅमेरा लावला आहे आणि संध्याकाळी अप्पा घरून कागद मागवतात, चुका काढतात.

नव्या मुलांना दोन शब्द, विचारले नसले तरी. छर्रे तोलत बसू नका. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच्या छर्‍यातला मिलिग्रॅमचा फरक शोधण्यात रात्र घालवण्यापेक्षा बरोबर लॉट शोधा. स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, दबलेला छर्रा मात्र बाजूला काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, रायफलीचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरलेला असतो, आणि लोक तो बंद गाडीत ठेवून लग्नाला जातात! सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते, कंपनीने दिलेली मुदत, बहुतेक दहा वर्षं, संपली की तो स्पर्धेला चालत नाही. जुनी रायफल घेताना आधी ती तारीख बघा, मग भाव करा. ओ-रिंगला कुठलंही ग्रीस फासू नका. आणि दुकान टाकणार असाल तर अकादमीला उधारी देऊ नका, संचालक कितीही गोड बोलले तरी.

रायफल पाठवायची असेल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, काढून, वेगळा पाठवा. सध्या वापरत असलेल्या डब्यातले छर्रे सोबत हवेत, आणि डबाही हवा, नुसती पुडी नको. डब्यावरचा लॉट नंबर खरवडू नका. काही डब्यांवर तो दिसत नाही, कारण लाल स्टिकर नेमकं त्याच्यावर चिकटवलेलं असतं. ते आम्ही इथे ओल्या फडक्याने काढून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.