तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानं जोडली कशी?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही मला हेच विचारलं गेलं. तुम्ही नाशिकमधल्या दुकानांची गिफ्ट व्हाउचर्स ऑनलाइन विकता, पण ऑफिस नाही, सेल्समन नाही, कुठे होर्डिंग दिसत नाही. मग ही दुकानं तुमच्याकडे आली कशी? आणि त्यासाठी घातलेत किती?

घातलेले पैसे मोजके आहेत, आणि ते कुठे गेले ते पुढे सांगते. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी दुकानदाराकडे भागीदारीचा प्रस्ताव घेऊन जात नाही. ऑर्डर घेऊन जाते.

होतं काय, की आपण एक चकचकीत पत्रक छापतो आणि मेन रोडवर एका टोकापासून सुरुवात करतो. दुकानदार मान डोलावतो, पत्रक गल्ल्याखाली सरकवतो आणि "बघू, दिवाळीनंतर या" म्हणतो. त्याचं चुकत नाही. त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी असं येतच असतं: कार्ड मशीनवाला, डिलिव्हरीवाला, 'गूगलवर तुमचं दुकान पहिलं आणतो' म्हणणारा. प्रत्येकाला टक्का हवा असतो आणि गिऱ्हाईक कोणीच बरोबर आणलेलं नसतं.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते. पुण्यात, बेंगळुरूत किंवा अमेरिकेत असलेला मुलगा आईच्या वाढदिवसाला काहीतरी पाठवायचं म्हणतो. त्याला मी दुकानांची यादी दाखवण्याआधी विचारते, "आई कुठे जातात नेहमी?" उत्तर येतं: दहीपुलाजवळचं अमुक साड्यांचं दुकान, कॉलेज रोडचं तमुक पार्लर. ते माझ्या यादीत नसलं तर उत्तमच. त्याच्याकडून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जायचं. "तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने दोन हजार एक रुपये पाठवलेत. त्या येतील तेव्हा या रकमेचा माल द्यायचा. हे पैसे, आणि मला फक्त आगाऊ मिळाल्याची पावती द्या." या पहिल्या व्यवहारात मी कमिशन मागत नाही. करारही करत नाही, कारण पावती पुरते. करारासाठी स्टॅम्प आलाच, आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला. जे दुकान पुढे टिकेल की नाही हेच माहीत नाही, त्याच्यावर पाचशे कशाला घालायचे?

असं दोन-तीन वेळा झालं की बहुतेक वेळा दुकानदारच विचारतो, "ताई, तुमचं हे नक्की काय असतं?" मग बसून बोलायचं. त्या वेळी चहा तो मागवतो.

वेळेचंही सांगते, कारण ती फुकट मिळते आणि तरी लोक ती वाया घालवतात. बोहनी व्हायच्या आत बोलणी करायला जाऊ नका. सकाळी दुकान उघडलंय, उदबत्ती लावलीय, अजून एक रुपया आलेला नाही आणि तुम्ही कमिशनची गोष्ट काढता. तो माणूस तोंडाने काही बोलणार नाही, पण मनातून तुम्ही गेलात. मात्र त्याच वेळी हातात ऑर्डरचे पैसे असतील तर जरूर जा. नोटा कपाळाला लावून गल्ल्यात टाकणारा दुकानदार तुम्हाला वर्षभर विसरत नाही. मी पहिल्या ऑर्डरचे पैसे मुद्दाम रोख नेते, ते एवढ्यासाठीच.

आणि पितृपक्ष. कापड, भेटवस्तू, फर्निचर सगळं थंड असतं, मालक निवांत बसलेला असतो, त्याला बोलायला कोणीतरी हवंच असतं. त्या पंधरवड्यात नवीन काम सुरू करा म्हटलं तर कोणी करणार नाही, पण बोलायला कुठे हरकत आहे? सगळं ठरवून घ्यायचं आणि "घटस्थापनेला सुरू करू" म्हणायचं. त्यालाही मुहूर्त मिळतो, तुम्हालाही. आणि पुढे दसरा-दिवाळीला व्हाउचर तयार असतं. फक्त पंचवटीत हे गणित लावू नका. रामकुंडावर श्राद्धाला बाहेरगावची माणसं येतात, तिथल्या बऱ्याच दुकानांचा तोच हंगाम असतो.

आता पैशांचं. दुकानदाराची खरी भीती कमिशनची नसते, अडकलेल्या पैशांची असते. एका मोठ्या डील विकणाऱ्या कंपनीने गंगापूर रोडच्या एका पार्लरवाल्या ताईंना निम्म्या किमतीची कुपनं विकायला लावली. बायका आल्या, सगळ्यांचं फेशियल झालं, आणि पैसे मात्र 'पुढच्या सायकलला' येत राहिले. त्या ताई मला पहिल्या भेटीत म्हणाल्या, "मॅडम, पाणी घ्या, पण स्कीम सांगू नका." मी स्कीम सांगितली नाही. विक्री झाली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या खात्यावर पैसे टाकत गेले.

माझा खरा खर्च आहे तो इथे. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन माझ्यापर्यंत पोचवणारी कंपनी, मला ते साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी देते. मधे शनिवार-रविवार आला की आणखी लांबतं. दुकानाला मात्र मी त्याच दिवशी देते. त्या मधल्या दिवसांचं भांडवल माझं. दिवाळीच्या आठवड्यात ही रक्कम बरीच फुगते, आणि मी त्यासाठी एक वेगळं खातं राखून ठेवते ज्याला घरात कोणी हात लावत नाही. लोक जाहिरातीवर पैसे घालतात, मी या खात्यावर घालते. नाशिक तसं अजून गावच आहे. अमक्याचे पैसे वेळेवर येतात ही बातमी भांडी बाजारातून सराफ बाजारात जायला एक चहा पुरतो.

यात कायद्याचा एक भाग आहे, तो जरा नीट ऐका, कारण या धंद्यात यायचं म्हणणारे बहुतेकजण तिथेच घसरतात. 'माझ्या कंपनीचं एकच कार्ड, नाशिकच्या पन्नास दुकानांत चालेल' ही कल्पना सगळ्यांनाच सुचते. छान आहे. पण असं अनेक दुकानांत चालणारं प्रीपेड साधन, म्हणजे आधी पैसे भरून मग खर्च करायचं कार्ड किंवा व्हाउचर, काढायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. ऑगस्ट २०२१ च्या त्यांच्या सूचनांप्रमाणे बँक नसलेल्या कंपनीची अर्ज करतानाच किमान नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरते ती) ५ कोटी हवी, आणि पुढे ती १५ कोटींवर न्यायची. इंदिरानगरच्या डायनिंग टेबलवरून हे होणारं नाही. याउलट एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं व्हाउचर 'क्लोज्ड सिस्टिम' मध्ये बसतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक व्हाउचर त्या त्या दुकानाचं असतं. ते काढणारे ते. मी फक्त विकून देणारी. सुरू करण्याआधी आपल्या सीएकडून हे कागदावर तपासून घ्या.

गंमत अशी, की या अडचणीनेच मला दुकानं मिळवून दिली. व्हाउचरवर दुकानाचं नाव मोठं, त्यांच्या पाटीवर असतं त्याच अक्षरांत. माझं नाव तळाशी, बारीक. तीन पिढ्यांचं दुकान असलेल्या शेठजींना दुसऱ्याच्या कार्डावर एका कोपऱ्यात बसायचं नसतं. स्वतःच्या नावाचं कार्ड म्हटलं की सूर बदलतो. एकांनी तर आजोबांचा फोटो छापायला दिला.

रकमाही आपल्याच ठेवल्यात: ५०१, १,१०१, २,००१. वरचा रुपया नसला की आहेराचं पाकीट अर्धवट वाटतं, मग ते मोबाइलवर का येईना.

कमिशन किती, हे तुम्ही विचारणारच. माझा एकच दर नाही. हजार रुपयांच्या व्हाउचरवर ८ टक्के धरा, म्हणजे ८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १४ रुपये ४० पैसे, दुकानदार मला वेगळे देतो. गेटवे दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस रुपये घेते. माझ्याकडे साठेक उरतात. नियमित जीएसटीवाला दुकानदार त्या १४ रुपये ४० पैशांचं क्रेडिट घेतो, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून ते वजा करतो. पण कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्यांसाठीच्या सोप्या योजनेत, असलेल्या छोट्या दुकानदाराला ते क्रेडिट मिळत नाही, त्याच्या खिशातून पूर्ण ९४ रुपये ४० पैसे जातात. त्याच्याशी बोलताना '८ टक्के' म्हणणं म्हणजे त्याला अर्धवट आकडा सांगणं. मी त्याला पूर्ण आकडा सांगते आणि दर थोडा खाली आणते.

शिवाय २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. शून्याची सवय लागलेल्या माणसाला ८ टक्के ऐकवायचे तर त्यामागचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. पार्लर, फोटो स्टुडिओ, योगाचे वर्ग, केक शिकवणाऱ्या ताई यांना ते लगेच दिसतं, कारण दुपारची रिकामी खुर्ची त्यांना तशीही काही कमवून देत नाही. साड्यांच्या दुकानात दोन हजारांचं व्हाउचर घेऊन आलेली बाई दोन हजारांवर क्वचितच थांबते. किराणा दुकान मी घेतच नाही. त्यांच्या मालावर सुटतंच इतकं कमी, की आठ टक्के कुठून देणार? सराफांकडे सोन्याच्या भावावर टक्का मागितला तर ते हसतात, आणि बरोबरच हसतात. त्यांची कमाई मुख्यतः घडणावळीत. तिथे मी व्हाउचरमागे ठरावीक रक्कम घेते, मग ते दोन हजारांचं असो की वीस हजारांचं.

नवीन दुकानं सुचवायला मला पगारी माणूस लागत नाही. लग्नपत्रिका छापणारे, बुके करणारे, सभागृहाचे मॅनेजर या लोकांना कोण नवीन दुकान काढतंय आणि कोणाचं बरं चाललंय हे आधी कळतं. पैसे देऊ केले तर ते संकोचतात. त्यांच्या मुलीच्या बारशाला, मुलाच्या मुंजीला मी एक व्हाउचर पाठवते. कोणत्या दुकानाचं, ते त्यांनाच निवडू देते. बऱ्याचदा त्यातूनही एका दुकानाचं नाव कळतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली एचआरची माणसंही अशीच उपयोगी. दिवाळीला कामगारांना तोच तो डबा देऊन ती कंटाळलेली असतात, आणि कामगार राहतात कुठे, खरेदी कुठे करतात हे त्यांना पाठ असतं.

शेवटचं, आणि हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगते. मालकाने हो म्हटलं म्हणजे दुकान जोडलं गेलं असं समजू नका. रविवारी संध्याकाळी गल्ल्यावर मालक नसतो, पुतण्या असतो किंवा नवीन लागलेला मुलगा असतो. काकू मोबाइल पुढे करतात आणि तो म्हणतो, "हे आमच्याकडे चालत नाही." झालं! मुलाने पाठवलेल्या भेटीची चारचौघांत शोभा, आणि पुढचा फोन मला. म्हणून आम्ही दुकानदाराच्या गळ्यात कुठलंही अ‍ॅप घातलेलं नाही. सहा आकडी नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो गल्ल्याशेजारच्या वहीत लिहायचा आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. वही मी देते. ती कशी भरायची हे मालकाला नाही, गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. आणि दुकान साइटवर चढवण्याआधी माझ्या भाचीला १०१ रुपयांचं व्हाउचर देऊन एका रविवारी, ऐन गर्दीत तिथे पाठवते. मालकाला ती येणार हे सांगत नाही. ती रुमालांचा जोड घेऊन परत आली की सोमवारी दुकानाचं नाव चढतं. रिकाम्या हाताने आली तर मी पुन्हा वही घेऊन जाते.