मागे घर नाही, दोर आहे

शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत मी कबड्डी खेळले. चढाई माझ्याकडे असायची. धोका दिसला की सरळ मागे, मध्यरेषेकडे झेप घ्यायची, हे अंगात भिनलेलं. एकोणतिसाव्या वर्षी पुण्यात बॉक्सिंग सुरू केलं आणि नेमकी हीच सवय आड आली.

पहिल्या स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, समोर सतरा वर्षांची मुलगी होती, माझ्यापेक्षा अंगानं बारीक. दोघींच्या हातात १६ औंसचे ग्लोव्ह्ज, डोक्याला हेडगार्ड, तोंडात माउथगार्ड. तिचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला की मी मागे. पुन्हा जॅब, पुन्हा मागे. चौथ्या पावलाला पाठीला दोर लागला आणि तिचा उजवा हात थेट नाकावर बसला. डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. राउंड संपल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही सरळ मागे जाता ना, त्यामुळे मला नुसतं पुढे यायचं असतं."

स्पर्धेची रिंगसुद्धा दोरांच्या आत ६.१० मीटरच असते. आमची तर त्याहून लहान. तीन-चार पावलांत जागा संपते.

सरांनी माझं स्पारिंग तीन आठवडे बंद केलं. जुन्या स्किपिंगच्या दोरीनं दोन्ही घोटे बांधले, पायांत खांद्याइतकं अंतर राहील एवढीच ढील देऊन. म्हणाले, "जिकडे जायचंय तिकडचा पाय आधी हलव. मागे जाताना मागचा, डावीकडे जाताना डावा. दुसरा पाय तेवढाच सरकव." ऐकायला सोपं होतं. पण मी घाईत पाय पायावर टाकायचे, किंवा फाकवायचे आणि दोरी घोट्याला कचकन ओढ द्यायची. पहिल्या आठवड्यात घोट्यांवर लाल वळ उठले. तिसऱ्या आठवड्यात दोरी बांधलीय हे विसरायला होऊ लागलं.

मग हॉलभर आडवी दोरी, खांद्याच्या उंचीवर. तिच्या खालून या बाजूनं त्या बाजूला जात पुढे सरकायचं. इथे कळलं की मी कमरेतून वाकत होते. कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते आणि खालून येणारा अपरकट दिसतच नाही. वाकायचं ते गुडघ्यांतून, नजर समोरचीच्या छातीवर ठेवून. ग्लोव्हकडे बघत राहिलं तर ठोसा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खांदा त्याच्या आधी हलतो. आणि डोकं बाजूला घ्यायचं ते मुठीएवढंच. मी हातभर घ्यायचे, मग तोल सावरण्यातच वेळ जायचा.

श्वासाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मला सापडलं. कबड्डीत एका दमात चढाई करायची असते. रिंगमध्येही मी नकळत दम रोखून धरत होते. तीन मिनिटांच्या राउंडमध्ये निम्म्यातच पाय जड व्हायचे आणि ठोसे लागायचे. आता प्रत्येक हालचालीबरोबर नाकातून छोटा श्वास सोडते. कबड्डीतून आलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

पुन्हा त्याच मुलीसमोर उभी राहिले. पहिल्या राउंडला दोनदा दोरावर गेलेच. दुसऱ्यात तिचा जॅब आला, मी गुडघे मोडून उजवीकडे झुकले आणि ग्लोव्ह कानाजवळून गेला. त्याची हवा कानाला लागली. मागे न जाता डाव्या चवड्यावर वळले, मागचा पाय फिरवून आणला, तर ती अजून मी जिथे नव्हते तिकडेच तोंड करून उभी! मी ठोसा मारायचाही विसरले. बाहेरून सर ओरडले, "अगं, मार की आता!"

सध्या एका डावखुऱ्या मुलाबरोबर सराव चाललाय. त्याच्यासमोर माझा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर राहायला हवा, म्हणजे त्याच्या डाव्या हातापासून दूर जाता येतं. दहातल्या सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळा पाय आतच पडतो आणि त्याचा डावा हात लागतो. सरांनी परवा पुन्हा घोट्यांना दोरी बांधलीय.