चोर्ल्याचा घाट आणि डावी टाच

गोव्यातल्या साखळी गावात विठ्ठलाचं दर्शन झालं, केरीत चहा झाला, एवढं आठवतंय. पुढचं सगळं डाव्या टाचेत आहे. घाटात अंजुणे धरण खाली दिसायला लागलं, सगळे फोटोला थांबले आणि माझा फोड फुटला. मग दिंडी पुढे आणि मी मागे, तोंडाने ग्यानबा तुकाराम आणि मनात "माऊली, पाय उचला" म्हणणाऱ्या प्रत्येकाला शिव्या.

त्यात झाडीत कोणतरी सारखं शिटी मारत होतं. चाल धरायचं, मध्येच सोडायचं, परत नवीनच काहीतरी. पावसात घाटात बाईक घेऊन पोरं येतात ना, वाटलं भजनाची टिंगल चाललीय. वळणावर वनखात्याचे एक काका रेनकोट घालून बसले होते, त्यांनाच म्हटलं, काका त्या पोराला गप्प करा की.

"भुरगो न्हय गो बाय, सवणें तें. शीळकरी कस्तूर. पावसात असोच गाता." म्हणजे पोरगं नव्हे, पक्षी.

मग त्यांनी मला दगडावर बसवलं आणि माझ्या पायाकडे बघून "अरे देवा" म्हणाले. सॉक्स काढले तर बोटांच्या बेचक्यात तीन जळवा, टम्म फुगलेल्या. काकांनी पुडीतलं मीठ टाकलं, पटापट गळल्या, रक्त काही थांबेना. टॉवेलची पट्टी फाडून टाच बांधली, पिशवीतले स्वतःचे कोरडे खाकी सॉक्स काढून दिले. मी पाय मागे घेतला, तर म्हणाले, आमची वारी रोजचीच, 208 चौरस किलोमीटरची. म्हणजे म्हादई अभयारण्य, 1999 पासूनचं. तिकडे ढगात सोसोगड आहे म्हणाले, गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर. मला नुसता ढग दिसला. रस्त्याकडेच्या चिखलात गव्याचे खूर मात्र दिसले, त्यात पाणी भरलेलं, आणि शेजारी आमच्याच दिंडीच्या उपम्याच्या दोन प्लेटी.

मी सहज विचारलं, वाघ आहेत का हो? काका जरा गप्प झाले. 2020 मध्ये गोळावलीला चार मेले, वाघीण आणि तिची पिल्लं, विष घालून मारली, म्हणाले. मग उठून प्लेटी उचलायला गेले. मीही लंगडत एक उचलली.

कणकुंबीला संध्याकाळी हरिपाठ चालू होता, देवळामागून परत तीच शिटी. चोपदार भडकले, "कोण रे तो कार्टा?" मी मान खाली घालून टाळ वाजवत राहिले.