भिगवण: फोटो कॅमेऱ्याआधी होडीत ठरतो

पुणे-सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण. तिथून आत वळून कुंभारगावच्या काठावर आम्ही पक्ष्यांचे फोटो काढायला जानेवारीतल्या एका पहाटे सव्वासहाला पोचलो. सूर्य उगवायला पाऊण तास होता. तो वेळ चहात घालवू नये. कार्ड रिकामं आहे का, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) लावलंय का, मागच्या वेळचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं) तसंच राहिलंय का, हे काठावरच बघून घ्यावं. होडीत बसल्यावर बोटं गारठतात आणि पहिला थवा नेमका तेव्हाच डोक्यावरून जातो.

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे इथवर पसरलं. धरण तुडुंब असेल तर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, फारसे दिसत नाहीत. पाय टेकतील आणि चोच चिखलापर्यंत पोचेल इतकं उथळ पाणी त्यांना लागतं. त्यामुळे निघण्याआधी नावाड्याला फोन करून ‘पाणी किती उतरलंय?’ असं विचारावं. ‘पक्षी आहेत का?’ या प्रश्नाला ‘आहेत की, या!’ हेच उत्तर येतं.

होडीत ट्रायपॉड नेऊ नका. त्याचे पाय होडीबरोबर डुलतात, आणि इंजिन चालू असेल तर थरथर थेट लेन्समध्ये चढते. फळीवर बसण्याऐवजी खाली तळाशी बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. लेन्स पाण्याच्या जितकी जवळ, तितकं चांगलं. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे करडं पाणीच दिसतं. खाली बसलं की तीच पार्श्वभूमी दूरच्या काठाची होऊन धूसर पसरते आणि पक्षी सुटा उठून दिसतो. शिवाय तुम्ही बुटके दिसता, पक्ष्यांनाही ते बरं वाटतं.

सूर्य वर आला की नावाड्याशी बोलणं सुरू करायचं. ‘दादा, ऊन पाठीवर येऊ द्या, आणि थव्याच्या अंगावर सरळ नको, तिरकं न्या.’ हे एक वाक्य नवीन लेन्सपेक्षा जास्त कामाचं आहे. शेवटचे पन्नास-साठ मीटर इंजिन बंद करून बांबूने जायचं. रोहित चरत असतात तेव्हा माना खाली असतात. एकेक मान वर यायला लागली, सगळे एकाच दिशेला चालू लागले, की थांबायचं. तरीही पुढे गेलं तर थवा उठतो, पक्ष्यांचं खाणं मोडतं आणि आपल्या हाती फक्त शेपट्या लागतात. थांबून राहिलं तर दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात.

आता आकडे. उभ्या पक्ष्यालाही होडीतून 1/1000 सेकंदापेक्षा मंद शटर नको, कारण पक्षी स्थिर असला तरी आपण हलतोय. उडत्या रोहिताला 1/2000, नदी सुरय या चपळ पक्ष्याला 1/3200. अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/6.3, ऑटो आयएसओची (कॅमेरा स्वतः ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) मर्यादा 6400. आयएसओ वाढून फोटोत दाणे आले तर नंतर कमी करता येतात, हललेला डोळा परत आणता येत नाही.

एफ/6.3 ला एक अडचण मात्र आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, 600 मिमीची लेन्स आणि 20 मीटर अंतर असेल तर स्पष्ट पट्टा, म्हणजे मागेपुढे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, जेमतेम 40 सेंटिमीटरचा मिळतो. मागेपुढे मीटरभर अंतराने उभे असलेले दोन रोहित एकत्र स्पष्ट येणारच नाहीत. भोक लहान करून एफ/11 केलं तरी पट्टा 70-75 सेंटिमीटरच होतो. त्यापेक्षा दोघं एका रेषेत येईपर्यंत होडी थोडी सरकवून घ्यावी.

गडद पाण्यावरचा पांढरा बगळा नवशिक्यांना हमखास फसवतो. कॅमेरा चौकटभर काळोख बघून एक्स्पोजर वाढवतो आणि पिसांचा चुना होतो. कॉम्पेन्सेशन उणे 1 करा, स्क्रीनवर पांढरं लुकलुकत असेल तर आणखी खाली. धुक्यात उलट, अधिक 0.7.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर हवा. एकट्या पक्ष्यासाठी डोळा ओळखणारी सोय उत्तम. थव्यात मात्र ती एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते, तिथे एकच बिंदू घ्या.

उडतानाचा फोटो हवा असेल तर वाऱ्याकडे लक्ष द्या. पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उठतात, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही पाठीमागे असले तर ते आपल्या दिशेने येतात. रोहित पाण्यावर धावत जाऊन मग उठतो. पहिल्या पावलालाच शटर दाबायला सुरुवात केली तर पंख पूर्ण उघडून आतला लाल रंग दिसायच्या क्षणी बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत साठवणारी कॅमेऱ्यातली जागा) भरलेला असतो. पाय पाणी सोडेपर्यंत नुसता पाठलाग करा.

अधूनमधून फोटो पूर्ण मोठा करून बघा. सगळं एकाच दिशेला पुसल्यासारखं दिसलं तर शटर कमी पडलंय. पक्षी धूसर पण मागचं गवत स्पष्ट असेल तर फोकस चुकलाय. आणि नऊ-साडेनऊनंतर दूरचे पक्षी वितळल्यासारखे दिसू लागले, तर दोष लेन्सचा नाही. पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागलेली असते. त्या वेळी वीसेक मीटरवरचा खंड्या किंवा शेकाट्या मिळाला तर घ्यावा, नाहीतर दादांना होडी काठाकडे वळवायला सांगावी.