कार्लश्टेयन: प्रागहून एका दिवसात सम्राटाच्या तिजोरीपर्यंत

चेक देशाच्या राजधानीतून, प्रागहून, कार्लश्टेयनच्या किल्ल्यावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाडीची वेळ बघतात. मी उलटं सांगेन. आधी तिथल्या मोठ्या बुरुजातल्या पवित्र क्रुसाच्या चॅपलचं (छोट्या प्रार्थनाघराचं) रिझर्व्हेशन मिळतंय का ते बघा आणि मिळालेल्या वेळेभोवती बाकीचा दिवस रचा. गाड्या दिवसभर असतात. चॅपलच्या फेरीत एका वेळी पंधरा-सोळा जणांनाच सोडतात, ती साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच चालते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा बऱ्याच आधी भरून जातात. तसेच गेलात तर किल्ला बाहेरून दिसेल, राजवाड्याची दालनं दिसतील, पण ज्या खोलीसाठी या कातळावर एवढा दगड रचला ती मात्र वर कुलपातच राहील.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथे दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे जागा. हा किल्ला घाट राखत नाही, व्यापारी वाटेवर नजर ठेवत नाही. बेरोउन्का नदीच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात तो जवळजवळ लपून बसलाय आणि भोवतालच्या टेकड्या त्याच्याहून उंच आहेत. दुसरी म्हणजे हिंडण्याची मुभा. आपल्याकडे गडावर पोचलं की बुरुजावरून टाक्याकडे, टाक्यावरून माचीकडे मन मानेल तसं फिरता येतं. इथे आतलं सगळं गाईडसोबत, ठरल्या वेळी आणि ठरल्या क्रमाने.

दोन्हींचं उत्तर एकच आहे. हा किल्ला म्हणजे तिजोरी. बोहेमियाचा (आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचा) राजा चौथा कार्ल याने १३४८ साली तो बांधायला घेतला. त्याच वर्षी त्याने प्रागचं विद्यापीठ आणि शहराचा ‘नवं गाव’ हा भागही वसवायला घेतला, म्हणजे गडी किती घाईत होता बघा. पायाचा दगड आर्चबिशप आर्नोश्ट याच्या हातून बसला. पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मध्य युरोपातल्या तेव्हाच्या मोठ्या साम्राज्याची राजचिन्हं, मुकुट, तलवार, क्रूस आणि पवित्र अवशेष (संतांच्या अस्थी, वस्तू), तेव्हा अजून कार्लच्या हाती आली नव्हती. ती १३५० मध्ये प्रागला पोचली आणि १३५५ मध्ये तो सम्राट झाला. त्यामुळे काम चालू असतानाच किल्ल्याचा हेतू बदलत गेला. राजाच्या निवांत मुक्कामाची जागा साम्राज्याची तिजोरी झाली आणि मोठ्या बुरुजाच्या पोटात चॅपल आलं.

आता गाडी. प्रागच्या मुख्य स्टेशनातून (पाट्यांवर ‘ह्लाव्नी नाद्राझी’) बेरोउनकडे जाणारी एस ७ ही लोकल पकडायची. कार्लश्टेयनला पोचायला साधारण ४० मिनिटं लागतात. शहराच्या नैऋत्येला राहत असाल तर स्मिखोव्ह स्टेशनात चढा, दहाएक मिनिटं वाचतात. इथे तीन चुका नेहमी होतात. एस ७ च्या काही गाड्या वाटेतल्या र्झेवनित्सेलाच संपतात, म्हणून गाडीवर ‘बेरोउन’ लिहिलंय ना ते वाचून मगच चढा. पिल्झेनच्या जलद गाड्या याच रुळांवरून जातात, पण कार्लश्टेयनला थांबत नाहीत. आणि प्रागचा एक किंवा तीन दिवसांचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो. पुढच्या झोनचं जादा तिकीट काढावं लागतं. ते कागदी असेल तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवायचं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीटच नसतं. अ‍ॅपवर तिकीट काढणं सगळ्यात सोपं.

गाडीत बसल्यावर शहर संपलं की नदी सोबतीला येते आणि पुढे पांढरट चुनखडीचे कडे दिसू लागतात. हा ‘चेस्की क्रास’ नावाचा संरक्षित प्रदेश. चुनखडी हा शब्द लक्षात ठेवा, विहिरीपाशी त्याची गरज पडेल.

स्टेशन नदीच्या पलीकडच्या काठाला आहे. पूल ओलांडून गावात शिरायचं आणि एकाच चढत्या रस्त्याने वर जायचं. अंतर दोनेक किलोमीटर, चढ शंभरेक मीटरचा, वेळ अर्धा तास. म्हातारी माणसं किंवा बाबागाडीतलं मूल बरोबर असेल तर पंचेचाळीस मिनिटं धरा. खाजगी मोटारी खालच्या वाहनतळावरच राहतात. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे आणि पावसात तो गुळगुळीत होतो. टाचांची पादत्राणं इथे कुचकामी. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, काचेच्या वस्तू, बाहुल्या, लाकडी तलवारी. घोडागाड्याही उभ्या असतात. यात रेंगाळायचं असेल तर उतरताना रेंगाळा. फेरीची ठरलेली वेळ चुकली की गाईड थांबत नाही, आणि तिकीट खिडकी वर किल्ल्याच्या आवारात आहे. ऑनलाइन तिकीट असलं तरी वीस मिनिटं आधी पोचावं.

चढताना एका वळणावर किल्ला बाजूने पूर्ण दिसतो. तिथे थांबून त्याची रचना वाचून घ्या, कारण आत गेल्यावर ती कळत नाही. इमारती पायऱ्यांसारख्या चढत गेल्या आहेत. सगळ्यात खाली विहिरीचा बुरूज, मग किल्लेदाराचं घर, त्यावर सम्राटाचा राजवाडा, त्याहून वर मरीयेचा बुरूज आणि सगळ्यांच्या माथ्यावर मोठा बुरूज, सुमारे ६० मीटर उंच. खाली नोकरचाकर आणि पाणी, मध्ये राजा, वर प्रार्थना, आणि शेवटी चॅपलमध्ये मौल्यवान ठेवा. मोठा बुरूज म्हणजे इथला बालेकिल्ला. खालचं सगळं पडलं तरी तो एकटा लढवता यावा म्हणून त्याच्या भिंती कुठे चार तर कुठे सात मीटर जाड केल्या.

हे जे डोळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं मात्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. मधल्या काळात इथे रेनेसांस पद्धतीचे फेरबदल झाले होते, नंतर किल्ला मोडकळीला आला. प्रागच्या सेंट व्हीटस कॅथीड्रलचं काम पाहणारा वास्तुविशारद योसेफ मोकर याने १८८७ ते १८९९ या काळात तो चौदाव्या शतकात कसा असावा या स्वतःच्या कल्पनेप्रमाणे पुन्हा उभा केला. उंच उतरती छपरं, रेखीव चर्या, हे सगळं त्याचं. तेव्हाही यावर टीका झाली होती. मला ते जरा जास्तच घोटीव वाटतं. पण वरच्या दोन बुरुजांच्या आतलं काम खरोखर कार्लच्या काळातलं आहे, आणि चॅपलच्या फेरीसाठी एवढा आग्रह धरण्याचं हेही एक कारण.

विहिरीचा बुरूज घाईत टाळू नका. विहीर सुमारे ८० मीटर खोल खणली आणि पाणी लागलंच नाही. चुनखडीच्या कातळात पाणी भेगांतून खाली निघून जातं, अशा माथ्यावर विहिरीला पाणी लागणं अवघडच. मग चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कुत्ना होराच्या खाणकामगारांना बोलावलं आणि जवळच्या ओढ्याचं पाणी भुयारी पाटाने विहिरीत आणून सोडलं. म्हणजे दिसायला विहीर, कामाला साठवण टाकी. वेढा घालणाऱ्याला तो पाट सापडला असता तर किल्ला काही दिवसांत पडला असता, म्हणून ही गोष्ट मोजक्याच माणसांना ठाऊक असे. पाणी ओढायला माणसाने आत चालून फिरवायचं लाकडी चाक आहे.

ते गुपित १४२२ मध्ये कामी आलं. हुसाइटांनी, म्हणजे धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांनी, किल्ल्याला वेढा घातला आणि तो काही महिने चालला. दगडफेकी यंत्रांतून धोंड्यांबरोबर मेलेली जनावरं आणि घाणही आत फेकली, रोगराई पसरावी म्हणून. किल्ला पडला नाही, शेवटी तह झाला. गंमत अशी की ज्या ठेव्यासाठी एवढा खटाटोप, ती साम्राज्याची राजचिन्हं कार्लचा मुलगा राजा सिगिस्मुंड याने आधीच बाहेर काढली होती. ती पुढे १४२४ मध्ये न्यूरेंबर्गला गेली आणि आज व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यात आहेत.

फेऱ्या तीन. पहिली मूळ फेरी तासाभराला थोडी कमी. त्यात राजवाड्यातली दालनं आणि मरीयेच्या बुरुजाचा खालचा भाग दिसतो. सम्राटाच्या दालनात एके काळी त्याच्या घराण्याची वंशावळ भिंतीवर रंगवलेली होती. ती नष्ट झाली, सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितांतल्या नकलांवरून ती कशी होती ते कळतं. बोहेमियाचा रक्षक संत सेंट वेन्सेस्लास याच्या नावाच्या राजमुकुटाची प्रतिकृतीही इथेच बघायला मिळते. खरा मुकुट प्रागच्या कॅथीड्रलमध्ये सात कुलपांमागे आहे आणि क्वचितच बाहेर येतो. एवढंच बघून परतणाऱ्यांपैकी बरेच जण ‘काही विशेष नाही’ म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

दुसरी फेरी शंभर मिनिटांची. तिकीट पहिलीच्या साधारण दुप्पट, आणि पैसे वसूल. दोन्ही करणार असाल तर आधी पहिली, मग दुसरी, आणि मध्ये निदान पाऊण तास मोकळा ठेवा. दुसरीत मरीयेच्या चर्चमध्ये भिंतभर बायबलमधल्या जगाच्या अंताची चित्रं आहेत, आणि शेजारी कार्ल स्वतः पवित्र अवशेष स्वीकारतोय असे प्रसंग. चेहरा इतका ठसठशीत की पुढे दुसरीकडे कुठेही दिसला तरी ओळखू येतो. त्याला लागून सेंट कॅथरीनचं चिमुकलं चॅपल, कार्लची खाजगी प्रार्थनेची जागा. भिंतीत घासून चकचकीत केलेले रंगीत दगड बसवलेत. ही वरच्या खोलीची रंगीत तालीमच म्हणायची.

मग पुलावरून मोठ्या बुरुजात शिरायचं. जिन्याच्या भिंतींवर सेंट वेन्सेस्लास आणि त्याची आजी सेंट लुदमिला यांच्या कथा चितारल्या आहेत. पायऱ्या असमान आहेत आणि लिफ्ट नाही. वर चॅपल. १३६५ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. भिंतींचा खालचा भाग जास्पर, अ‍ॅगेट, अ‍ॅमेथिस्ट, कार्नेलियन अशा दगडांनी मढवलेला, मधल्या फटींत सोनेरी मुलाम्याचा गिलावा. काही ठिकाणी दगड क्रुसाच्या आकारात लावलेत. वर तेओदोरिक या चित्रकाराची लाकडी फळ्यांवरची १२९ चित्रं, संत, राजे, धर्मगुरू. जवळून बघा: कुणाचा हात, कुणाचं पुस्तक चौकट ओलांडून बाहेर आलंय, कारण त्याने चौकटीही चित्रातच धरल्या. चौकटींत जागोजाग खाचा आहेत, त्यांत त्या त्या संताचे अवशेष ठेवायचे. म्हणजे चित्र नुसतं बघण्यासाठी नव्हतं, तो संतच तिथे हजर आहे असा भाव होता. छतावर सोनेरी पार्श्वभूमीवर काचेचे तारे, सूर्य आणि चंद्र. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात स्वर्गीय यरुशलेमच्या भिंती रत्नांच्या आहेत, त्याचंच हे रूप.

इथे गाईड दिवे हळूहळू कमी-जास्त करतात तेव्हा बोलू नका, फक्त दगडांकडे बघा. मेणबत्त्यांच्या उजेडासाठी बनवलेली खोली आहे ही. आत फोटो काढायला मनाई आहे. माणसांच्या श्वासाने हवेतला दमटपणा वाढतो आणि मुलामा, लाकूड, रंग तिन्हींना त्रास होतो, म्हणून गटही लहान. आत गरम करण्याची सोय नसते, जुलैतही अंगावर काहीतरी असू द्या.

तिसरी फेरी मोठ्या बुरुजाच्या वरच्या मजल्यांची आणि माथ्यावरच्या दृश्याची. पाय धड असतील आणि हवा स्वच्छ असेल तरच.

बहुतेक चेक किल्ल्यांप्रमाणे इथेही साप्ताहिक सुट्टी सहसा सोमवारी. हिवाळ्यात वेळा आक्रसतात आणि चॅपल बंदच असतं. त्या दिवसांत किंवा रिझर्व्हेशन हुकलं तर प्रागमध्येच सेंट अ‍ॅग्नेसच्या मठात राष्ट्रीय कलादालनाचा मध्ययुगीन संग्रह आहे, तिथे तेओदोरिकची मूळ चित्रं आहेत. तिथे ती डोळ्यांच्या पातळीवर, चॅपलपेक्षाही जवळून बघता येतात.

फेऱ्या दुपारपर्यंत आटोपल्या तर उरलेला वेळ जंगलात घालवा. चेक पायवाटांच्या खुणा सोप्या असतात: झाडावर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी. लाल खुणेने स्वाती यान पोद स्कालोउ या कड्याखालच्या गावावरून थेट बेरोउनला उतरता येतं, पण ती निम्म्या दिवसाची दमदार चाल आहे. तेवढा दम नसेल तर वेल्का अमेरिका ही चुनखडीची जुनी खाण चार-पाच किलोमीटरवर आहे. खोल खड्डा आणि तळाशी निळंहिरवं पाणी. कडेवरून बघायचं, खाली उतरायला बंदी आहे आणि कडे ठिसूळ आहेत. निघताना बाटली भरून घ्या. बेरोउनला उतरलात तर परतीला कार्लश्टेयनला यायची गरज नाही. तीच एस ७ तिथून सुटते आणि बसायला जागाही मिळते.