बाथरूमच्या जाळीतून आलेला पूर

परवा रात्री घरात पाणी शिरलं. सकाळपासून फोनवर फोन, पांझरा नदीला पूर आला का, अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं का. 2019 च्या ऑगस्टमधे पांझरेला पूर आला तेव्हापासून पाऊस म्हटलं की धुळ्याच्या लोकांना आधी हेच सुचतं, आणि आपण पण पुलावरचे व्हिडिओ बघत बसतो. अहो नदी काठाच्या आतच होती! पाणी आलं ते बाथरूमच्या जाळीतून, बुडबुड आवाज करत, मागून काय काय आलं ते सांगत नाही, जेवायची वेळ आहे.

आमची कॉलनी देवपूरच्या पुढे, नवीन वस्ती. पंधरा वर्षांपूर्वी इथे कपाशी होती. प्लॉट घेतला तेव्हा मी फक्त एनए, सातबारा आणि रस्ता किती फुटी एवढंच बघितलं. पूररेषेचा नकाशा असतो, त्यात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे पण मला माहीत होतं, आपण लाल रेषेच्या बाहेर आहोत म्हणून आईला पेढे दिले होते. पण त्या रेषा नदीच्या. मागच्या शेतातून येणाऱ्या नाल्याचं काय, तो माझ्या कागदात कुठेच नव्हता.

दूधवाले बाबा पहिल्याच पावसाळ्यात बोलले होते, "भाऊ, आठे नाला व्हता." म्हणजे इथे नाला होता. मी हसलो होतो.

लेआऊट पाडणाऱ्याने मुरूम टाकून नाला बुजवला आणि वरून गटार काढली, एक फुटाचा पाइप, उतार कुठे तर देवाला माहीत. याच पांझरेच्या एका ओघळीपलीकडे पाट न्यायचा म्हणून इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी दातर्तीला पाइप सायफन, म्हणजे ओघळीखालून पाटाचं पाणी पलीकडे नेणारा पाइप, बांधला होता, त्या माणसाने पाण्यासाठी केवढं डोकं लावलं असेल आणि आमच्याकडे एक पाइप टाकला की झालं. पांझरेवरचे जुने फड, म्हणजे गावाने मिळून पाटाच्या पाण्यावर भिजवायची शेती, बघा, पाटाने पाणी आणायची जेवढी काळजी, तेवढीच जास्तीचं पाणी परत नदीत जायची. आम्ही पाणी आणायचं बघितलं, घालवायचं कोणी बघितलंच नाही.

आता गंमत अशी की आपल्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यामुळे गटार छोटी असली तरी चालतं असं सगळे धरून चालतात. पण तो पडतो कसा? महिनाभर डोळे लावून बसायचं आणि मग दोन तासात 50 मिलिमीटर. दीड हजार स्क्वेअर फूट स्लॅबवर तेवढा पडला की सात हजार लिटर होतात, हजार लिटरच्या सात काळ्या टाक्या, एका घराच्या! पूर्वी नांगरलेलं रान बरंच पिऊन टाकायचं, आता अंगणात पेव्हर ब्लॉक, रस्ता काँक्रीटचा, तोही जुना न खरवडता वरून ओतलेला, म्हणून माझा ओटा जो रस्त्याच्या दोन फूट वर होता तो आता चार बोटं खाली आहे. त्यात परवा नदी थोडी चढली आणि गटारीच्या पाइपचं तोंडच बुडालं. पुढे जायला जागा नाही, मागून कॉलनीभरचं पाणी, मग ते घरात नाही येणार तर कुठे जाईल.

प्लंबर म्हणतो पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवा. बसवतो, पण मग नदी चढलेली असेल तोवर घरातलं पाणी पण बाहेर जाणार नाही, म्हणजे अंघोळ बंद.

शेजारच्या नानांनी कालच ओटा दीड फूट वाढवायला घेतला, त्यांच्या दारातलं पाणी आता सरळ आमच्या गेटमधे येणार. बायको म्हणाली जाऊन बोला ना त्यांना. मी गेलो, चहा घेतला, आणि त्यांच्याच गवंड्याला विचारून आलो की आमच्या ओट्याला विटा किती लागतील.