बिल नसलेला डबा

औसा तालुक्यातला तो पोरगा दुपारी गर्दी ओसरल्यावर आला. पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. "सर, गोळी खरी हाय का, तेवढं बघा."

ओसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर, रोज एक. पेशंट त्याची आई, आयुष्यात बिडीला हात न लावलेली. डबा ढाक्याचा.

आम्ही मेडिकलवाले गोळीआधी डबा वाचतो. रीतसर आयात झालेल्या मालावर आयात परवान्याचा नंबर, आयातदाराचं नाव-पत्ता आणि रुपयांत एमआरपी लागते. इथं तिन्ही गायब. बॅच नंबर ठळक, एक्सपायरी लांबची, सील शाबूत. छपाई तर आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांपेक्षा देखणी. पण आत औषधच आहे हे लॅबशिवाय छातीठोक सांगणारा एकच भेटतो, विकणारा.

"कुणाकडून घेतलं?"

"व्हॉट्सॲपवरचा एजंट हाय. बिल देत नाही."

अल्पविकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून २०३३ पर्यंत सूट आहे, म्हणून बांगलादेशात ही गोळी बिनदिक्कत, स्वस्तात बनते. २००५ पर्यंत आपणही हेच करायचो. २०१२ मध्ये सरकारनं सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीविना दुसऱ्या कंपनीला औषध बनवू दिलं, आणि सोराफेनिब या कॅन्सरच्याच दुसऱ्या गोळीचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. त्यानंतर ते हत्यार म्यानातच आहे. २०२४ च्या बजेटात ओसिमर्टिनिबची कस्टम ड्युटी माफ झाली, पेपरात मथळे झळकले. ड्युटी होती दहा टक्के. मूळ किमतीचं काय, हे कुणी छापलं नाही.

कायद्यात वाट आहे. स्वतःच्या वापरासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, फॉर्म १२-ए भरून १२-बी चा परवाना काढला तर शंभर डोसपर्यंत औषध बाहेरून मागवता येतं. म्हणजे तीन महिन्यांची बेगमी. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मार्जिनवरून रात्र होते, या फॉर्मचं नाव कधी कुणी काढलं नाही. मी ते सगळं त्याला कागदावर लिहून दिलं.

कागद उलटसुलट करून तो म्हणाला, "एजंट चार दिवसांत पोचवतो. याला किती लागतील?"

मला सांगता येईना. "डॉक्टरांना डबा दाखवला का?" मी विचारलं.

"दाखवला की. ते म्हणले, मेडिकलवाल्याला विचार."